शहादेवची बायको दमत नाही

मी मोळीवाली बोलतेय. 'कोयताबहाद्दर' हा गेम तुमच्या फोनमध्ये असेल तर तुम्ही मला पाहिलेलं आहे. शहादेव नावाचा पिळदार गडी पुढं सपासप ऊस तोडत जातो आणि त्याच्या मागं डोक्यावर मोळी घेऊन एक बाई चालते ना, ती मी. शहादेवला तुम्ही बोटानं फिरवता. मला फिरवता येत नाही. तो जाईल तिकडं मी आपोआप जाते. आजवर मला कुणी 'बोल' म्हटलं नाही, आणि वाट बघत बसले तर कुणी म्हणणारही नाही, म्हणून मीच सुरुवात करते.

तसं गेममध्ये मला एक वाक्य दिलेलं आहे. शहादेव धापा टाकत उभा राहिला की मी त्याच्यापुढं पाण्याची कॅन धरते आणि लाडात विचारते, "दमलात का हो?" झालं. एवढंच माझं बोलणं. माझ्या दोन जन्मदात्यांपैकी सौरभ म्हणून जो आहे, त्याच्या बहिणीनं हे वाक्य गाद्यांच्या ढिगात तोंड खुपसून रेकॉर्ड केलं, रस्त्यावरचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून. अकरा वेळा करावं लागलं. दर वेळी सौरभ म्हणायचा, अजून जरा लाडात.

पण मला खरं काढलं ते रविराजनं. तो सिरसाळ्याचा. आईबाप दर साल दसरा झाला की ऊसतोडीला जातात, आणि हा पोरपणापासून वसतिगृहात राहून शिकला. पुढं बीडला कॉम्प्युटरच्या कॉलेजात आला. गाड्या पळवायचे आणि बंदुका चालवायचे गेम सगळेच करतात, आपण ऊसतोडीचा करू, असं त्याच्या मनानं घेतलं. पत्र्याच्या खोलीत ओला टॉवेल डोक्यावर टाकून तो लॅपटॉपपुढं बसायचा. मला काढताना त्यानं फोनमध्ये एका बाईचा फोटो उघडून ठेवला होता. तिनं साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा घातलेला, डोक्याला रुमाल आवळून बांधलेला. उसाचं पान हात चिरतं, म्हणून बाया तसा सदरा घालतात. रविराजनं मलाही तसाच दिला, कोपरावर ठिगळासकट. नाक बसकं, एक दात पुढं. सहा दिवस तो माझ्यावरच काम करत होता आणि आपण कुणीतरी महत्त्वाच्या आहोत असं मला वाटायला लागलं होतं.

सातव्या दिवशी सौरभ आला. हा गेवराईचा, बापाचं शेतीच्या औजारांचं दुकान. गेममध्ये अर्धा भागीदार आणि बोलण्यात पाऊण.

"ही कोण बे?"

"ऊसतोडीची बाई."

"हिला बघून कोण खेळंल गेम? म्हातारी वाटायलीय. जरा नीट कर की."

फोटोतली बाई आपली आई आहे, सिंधुबाई, हे रविराजला एका वाक्यात सांगता आलं असतं. त्यानं सांगितलं नाही. फोन पालथा घातला आणि माझा सदरा काढायला घेतला. मग कंबर बारीक झाली, पोट उघडं पडलं, नाक वर आलं, दात आत गेला. आता तुम्हीच सांगा, उघड्या पोटानं आणि पाठीवर दोन दोऱ्यांची चोळी घालून कुणी उसात शिरतं का? सोलून निघेल बाई. पण मला कोण विचारतो! लॅपटॉपात प्रत्येक वस्तूला एक नाव द्यावं लागतं. कोयता 'सामान एक', दोरखंड 'सामान दोन', पाण्याची कॅन 'सामान तीन' आणि मी 'सामान चार'. शहादेवला मात्र नाव होतं, गाव होतं, निवडायला पाच तऱ्हेच्या मिशा होत्या.

शहादेवच्या डोक्यावर एक हिरवी पट्टी असते. ऊस तोडता तोडता ती आखूड होत जाते, लाल होते, मग तो थांबतो आणि मी पाणी घेऊन धावते. पाणी प्यायला की पट्टी पुन्हा हिरवी. माझ्या डोक्यावर पट्टी नाही, मोळी आहे. हे त्या दोघांनी मुद्दाम केलं असेल अशी माझी बरेच दिवस समजूत होती. तसं नव्हतं, आणि खरं काय ते कळल्यावर मला जास्त वाईट वाटलं. ते पुढं सांगते.

उन्हाळ्यात गेम आला आणि आपल्या मातीतला गेम म्हणून बघता बघता परळीपासून आष्टीपर्यंत पसरला. फोनच्या आतून माणसं फार जवळून दिसतात. माझ्यावर कोयता चालवला तर काय होतं, हे जवळजवळ प्रत्येक पोरानं एकदा करून पाहिलं. काही होत नाही. कोयता आरपार जातो. मग ते पुन्हा करून पाहतात. एक मास्तर होते, शाळेत भाषणं चांगली करायचे म्हणे, ते मधल्या सुट्टीत टेबलाखाली फोन धरून दोन बोटांनी मला मोठी करून बघायचे. गेवराईच्या स्टँडवर एक पोरगी भावाच्या फोनवर खेळत होती. तिनं शहादेवला बाजूला उभं केलं आणि माझ्यावर बोट दाबून धरलं. तिला मी व्हायचं होतं. मी जागची हललेच नाही, कारण मला तशी परवानगी नाही. भाऊ तिला म्हणाला, "अगं ती खेळायची न्हाई, ती नुसती असती." त्या पोरीनं फोन परत दिला. तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

मग पावसाळ्यात मी पौर्णिमाच्या फोनमध्ये आले. पौर्णिमा आष्टीची, बीडला मावशीकडं राहून एम. ए. करत होती. मालिका, सिनेमे, गेम यांतल्या बायकांवर ती व्हिडिओ करायची. मालिकेतली सून झोपतानाही नथ काढत नाही, सिनेमातली खेड्यातली पोरगी विहिरीवर जाते ती नाचायलाच, आणि गेममधल्या लढणाऱ्या बाईला चिलखत मिळतं ते छातीपुरतं, पोटात भाला घुसला तर देव बघून घेईल, असं तिचं बोलणं. बोलताना स्वतःच हसायची. मला ती आवडली. चार दिवस ती शेजारी वही ठेवून खेळली आणि पाचव्या दिवशी मावशीच्या शिलाई मशीनवर फोन टेकवून व्हिडिओ केला. मागं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता.

"हिच्या कपड्यांवर बोलायला पाच मिन्टं बास हायत," ती म्हणाली. "ते सगळ्यांनाच दिसतंय. मला दुसरंच दिसलं. एका लेव्हलला शहादेव चाळीस मोळ्यांचा ऊस तोडतो अन् चारदा दमतो. त्याच चाळीस मोळ्या ही बाई डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवती अन् एकदाबी दमत न्हाई. मी तीनदा मोजलं. नुसती दिसायला चांगली बाई पायजे असती तर कपड्यांवर भागलं असतं. ह्यांना न दमणारी बाई पायजे. अन् ती मालिकेवाल्यांना बी पायजे, सिनेमावाल्यांना बी, अन् घरातल्यांना तर लईच. ज्या पोरांनी ह्यो गेम केलाय, त्यांनी कवा उसाचा फड बघितला तरी हाय का?"

मी ते ऐकलं. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं असतं, पण माझ्या डोळ्यांत तशी सोय केलेली नाही.

दोन दिवसांत हजारो लोकांनी तो व्हिडिओ पाहिला आणि शेकडो जणांनी खाली लिहिलं. आधी भाकरी थापायला शीक. आधी आरशात बघ. गेम आहे, त्यात कसली बाई आणि कसला दम. आडनाव वाचून काही जण जातीवर उतरले. मग कुणीतरी माझ्या उघड्या अंगावर पौर्णिमाचं तोंड चिकटवलं आणि ते चित्र गावोगावच्या ग्रुपवर फिरलं. त्या कामाला माझं अंग वापरलं गेलं. मी काही केलं नव्हतं, तरी त्याची लाज मला आजही वाटते.

तिचे वडील आष्टी आगारात कंडक्टर. त्यांना ते चित्र त्यांच्याच बसमधल्या एका प्रवाशानं दाखवलं. त्यांचा फोन आला तेव्हा पौर्णिमाचा गेम चालू होता, म्हणून मला ऐकता आलं.

"तू चुकीचं काय बोललीस, तेवढंच सांग."

"काहीच न्हाई, बाबा."

"मग भिऊन घरी येऊ नको. ऱ्हा तिथंच."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ मशीनचं चाक हातानं फिरवत बसली.

रविराजनंही तो व्हिडिओ पाहिला होता. त्यानं तिला निरोप धाडला आणि दोघं कॉलेजच्या कँटीनमध्ये भेटले. टेबलावर दोघांच्या मध्ये फोन, फोनमध्ये मी. तो रागात होता.

"फड बघितलाय का म्हणलीस. माझे मायबाप दर साल कोयत्यावर जातेत. तूच फड बघितलायस का?"

पौर्णिमा चपापली. "न्हाई. चुकलं माझं. हे मी व्हिडिओत दुरुस्त करीन," असं म्हणाली, आणि पुढं तिनं केलंही. "पण मग मला सांग, तुला ठावं असून बी हिला पट्टी कावून न्हाई दिलीस?"

"अगं, खोटं न्हाई केलं मी. आमच्यात मोजतेतच तसं. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळीत कोयते किती, असं इचारतेत. माणसं किती, असं कुणी इचारत न्हाई. एक कोयता म्हणून एक पट्टी. मला वाटलं, लई खरं केलंय."

पौर्णिमानं चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "म्हंजी मुकादम मोजतो तसं तू मोजलंस. तुझ्या मायनं गेम केला असता तर तिनं कसं मोजलं असतं?"

रविराज फोनमधल्या माझ्याकडं बघायला लागला.

"मायला दाखवलास का गेम?"

त्यानं मान हलवली. कसा दाखवणार होता? माझा अवतार बघून कुठला पोरगा आईपुढं फोन धरेल?

मला वाटत होतं, माझ्यावर कुणाचा तरी राग असेल, नाहीतर डोळा असेल. तसं काही नव्हतं. एका गुणी पोरानं लहानपणापासून कानावर पडलेला हिशोब जसाच्या तसा उतरवला होता आणि त्या हिशोबात मी नव्हतेच. राग असता तर तो कधीतरी निवळला असता.

त्यानंतर रविराजनं आठ दिवस खपून मला माझा सदरा परत दिला. ठिगळ दिलं, रुमाल दिला, बसकं नाक आणि पुढचा दातही दिला. हे त्यानं फक्त स्वतःच्या फोनवर केलं, सौरभला कळू दिलं नाही. गणपतीत तो सिरसाळ्याला गेला आणि ओसरीवर बसून आधी बापाच्या हातात फोन दिला. बाप आश्रुबा हसऱ्या तोंडाचा माणूस. शहादेवला पळवताना ते पोरासारखे खूश झाले. "पाणी बी देती की ही! चारदा दिलं मला!"

"अन् तिनं कवा प्यायचं?" सिंधुबाई भाकऱ्या टोपल्यात झाकता झाकता म्हणाली.

मग तिनं फोन घेतला. पण तिची बोटं फोनला समजेनात. कोयता धरून कातडी इतकी राठ झालेली की रेशनच्या मशीनवरही तिचा अंगठा उठत नाही. शेवटी करंगळी जमली. तिनं मला निरखून बघितलं.

"ह्यो तर तुझ्या बापाचा सदरा! मी हाय व्हय ही?"

"व्हय, माय."

ती लाजली. दोन-तीन मोळ्यांचा ऊस तोडला. मग तिनं शहादेवचा नाद सोडला आणि माझ्यावरच करंगळी टोचायला लागली. एकदा, दोनदा, दहादा.

"काय करू लागलीस, माय?"

"हिला बसवू लागले. किती येळची उभी हाय. बसायचं बटन कुठं हाय?"

"तिला बटन न्हाई. ती दमत न्हाई."

"कावून? लोखंडाची हाय का?"

"मोजायचं ऱ्हायलं, माय," रविराज म्हणाला. मग त्यानं विचारलं, "तू दमतीस का गं?"

एकवीस वर्षांच्या पोरानं आईला हे पहिल्यांदा विचारलं होतं. सिंधुबाईनं आधी आश्रुबांकडं बघितलं. मग अगदी सहज सांगावं तसं सांगितलं, की तू बारावीला होतास तेव्हा मी मोळीसकट फळीवरून पडले. कंबरेत भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फळीवर. तेव्हापासून डाव्या पायाला मुंग्या येतात आणि कधी कधी तो पाय आपला आहे हेच कळत नाही. डॉक्टर म्हणाले होते, बाई, आता वजन उचलू नका, पुन्हा पडलात तर उठायच्या नाहीत.

"मला सांगितलं कावून न्हाई?"

"तुझी परीक्षा हुती."

"यंदा जाऊ नको तू."

"अन् तुझ्या बापाला कोण घेतंय मग? अर्धा कोयता कुणाला पायजे?"

"मी जातो त्यांच्यासंग. आमी दोघं मिळून एक कोयता."

"मग शिकवलं कशाला तुला?" हे मात्र तिनं जोरात विचारलं. आश्रुबा खाली बघून बोटानं जमीन उकरत होते.

आता सौरभची बाजूही सांगायला हवी. तो वाईट पोरगा नाही. पुण्याच्या एका कंपनीशी त्याचं बोलणं चाललं होतं. गेमला असेच तारे मिळत राहिले तर दसऱ्याआधी कंपनी गेम घेणार आणि दोघांना नोकरी देणार. रविराजला नोकरी लागली असती तर सिंधुबाईला फळी चढायची गरज उरली नसती. इतकं सरळ होतं ते. फक्त गेम आहे तसा ठेवायचा होता. म्हणजे मी न दमता मोळ्या वाहत राहिले असते तर ती बसली असती.

रविराज बीडला परतला आणि त्यानं सौरभला सांगितलं, मोळीवालीला पट्टी द्यायची.

"येडा झालास का बे? आधी सही होऊ दे. मग बसव तुझ्या बाईला, न्हाईतर झोपव."

"सही झाल्यावर कंपनी बसवू देईल का?"

"एक महिना कळ काढ. एक महिना!"

सौरभचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी आत बसून दोघांचं ऐकत होते आणि माझंच मला कळत नव्हतं की कुणाच्या बाजूनं व्हावं. मला बसायचं होतं. आणि मी बसले तर कोण उभं राहणार, तेही दिसत होतं.

रविराजनं महिनाभर थांबायला हवं होतं का? मी आजही ठरवू शकलेले नाही. तो म्हणाला, "आपलेच लोक हायत. घराघरात कोयता हाय. समजून घेतील." त्यानं मला हिरवी पट्टी दिली. मोळी चढवली की माझीही पट्टी आखूड व्हायची, लाल झाली की काम थांबायचं, आणि 'बसव' नावाचं बटण दाबलं की मी बांधावर बसायचे. 'उठव' म्हटल्याशिवाय उठायचे नाही. माझा सदरा सगळ्यांच्या फोनमध्ये गेला. फाइलमध्ये 'सामान चार' खोडून त्यानं 'सिंधू' लिहिलं.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे आणि सगळ्यात शिव्यांचे. 'बायको बसली, गेम झोपला.' 'घरात तेच, गेममध्ये तेच.' 'आमचा जुना माल परत द्या.' माल म्हणजे मी. आमच्याच लोकांनी, घराघरात कोयता असलेल्यांनी, एक-एक तारा देऊन गेम खाली खेचला. चांगलं लिहिणारेही होते. धारूरकडच्या एका मुलीनं लिहिलं, की मी आईला दाखवला, ती तासभर बाईला नुसती बसवून ठेवत होती. पौर्णिमानं दुसरा व्हिडिओ केला आणि आधीची चूक कबूल करून रविराजचं मनापासून कौतुक केलं. तो फारसा कुणी पाहिला नाही.

कंपनीनं फोन उचलणं बंद केलं. अकराव्या दिवशी सौरभनं सगळं पहिल्यासारखं करून टाकलं, पट्टी गेली, सदरा गेला, दोऱ्यांची चोळी आली. खातं त्याच्या नावावर होतं. थोड्याच दिवसांत तारे परत आले, कंपनीही परत आली. तो आता पुण्यात आहे. रविराजनं भागीदारी सोडली आणि बीडला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागला.

दसऱ्याच्या आधी तो गावी गेला आणि आईला सगळं सांगितलं. माझ्यामुळं तुला जावं लागतंय, असं म्हणाला. सिंधुबाई पोत्यात भांडी भरत होती.

"आता बसती का ती?"

"माझ्या फोनात बसती. बाकीच्यांच्या न्हाई."

"मग बरं केलंस," ती म्हणाली आणि पोत्याचं तोंड बांधलं.

त्यानं तोच फोन तिला दिला. त्यात अपडेट बंद करून ठेवलं आहे. म्हणून आज माझं असं झालं आहे की हजारो फोनांत मी उघड्या पोटानं, न दमता मोळ्या वाहते आहे आणि अपडेट न केलेल्या थोड्याशा फोनांत सदरा घालून बसते आहे. तिकडच्या माझ्याशी माझं बोलणं होत नाही.

सध्या मी कर्नाटकाच्या हद्दीवर एका फडात आहे, सिंधुबाईच्या पिशवीत. जानेवारी चालू आहे. दुपारी ऊस तोडून होतो आणि गाडीची वाट बघायची असते, तेव्हा ती मला उघडते. ऊस तोडत नाही. दिवसभर खरा तोडल्यावर खोटा कोण तोडतंय! शहादेवला तसाच उभा ठेवते आणि करंगळीनं 'बसव' दाबते. मी बांधावर बसते, रुमाल सैल करते, पाणी पिते आणि डावा पाय हातानं चोळते. पाय चोळायचं रविराजनं कुणालाही न सांगता मला शिकवलं होतं. सिंधुबाई उभ्यानंच, मोळ्यांच्या ढिगाला टेकून, माझ्याकडं बघते. ती स्वतः बसत नाही, कारण एकदा बसलं की तो पाय उठू देत नाही.

आज शेजारच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, राहणारी बायनाबाई येऊन फोनमध्ये डोकावली. "बया, ही बसलीय व्हय? हिला कुणी बोलत न्हाई का?"

"बोलले की. लई बोलले. माझ्या पोराला बी बोलले."

"मग गं?"

"मग काय. तरी बी बसवलं त्यानं."

दोघी बराच वेळ मला बसलेली बघत राहिल्या. मला इतक्या प्रेमानं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात ट्रकचा हॉर्न वाजला आणि मुकादम ओरडला, "चला गं बायांनो, गाडी लागली!" सिंधुबाईनं फोन पाण्याच्या कॅनला टेकवून ठेवला. करंगळी 'उठव' बटणापर्यंत आणली आणि मागं घेतली.

"ऱ्हा बसून," ती मला म्हणाली, आणि गेली.

मी बसले आहे. गेम उघडा असला की स्क्रीन विझत नाही, त्यामुळं मला इथून सगळं दिसतं. ट्रकला फळी लावली आहे. ती ओली आहे, पाटाचं पाणी वाटेवर आलं आहे आणि वर चिखलाचे पाय उमटले आहेत. आश्रुबांनी सिंधुबाईच्या डोक्यावर मोळी दिली. तिनं उजवा पाय फळीवर ठेवला, मग डावा पाय हातानं जरा उचलल्यासारखा करून ठेवला.

तुम्ही माझा गेम खेळा, नका खेळू. एक तारा द्या, पाच द्या, मला त्याचं आता काही नाही. माझी एकच विनंती आहे. मला आत बसून नुसतं बघता येतं, हाक मारता येत नाही. तुम्हाला येत असेल, तर तिला कुणीतरी थांबवा. तिला म्हणावं, सिंधुबाई, खाली या, बसा जरा. आणि लवकर म्हणा. ती अर्ध्या फळीवर पोचली आहे.